जेवल्यावर बाबा कोसळतात, हार्टचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग कारण पोटात असू शकतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७६ वर्षांचे, बीपीच्या दोन गोळ्या चालू, शुगर थोडी वर. गेल्या काही महिन्यांत दोनदा दुपारच्या जेवणानंतर कोसळले, एकदा हात धुवायला उठताना आणि एकदा अंगणात शतपावली घालताना. दोन्ही वेळा अर्धा-एक मिनिट भान नव्हतं, मग पाचेक मिनिटांत एकदम नॉर्मल. ईसीजी, टू-डी इको, मानेचा डॉपलर, मेंदूचा सीटी स्कॅन सगळं झालं, काही सापडलं नाही. घरात सगळे म्हणतायत की गॅस डोक्यात चढतो. तर पोटामुळे खरंच माणूस बेशुद्ध होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो. गॅस डोक्यात चढत नाही, शरीरात तसा रस्ताच नाहीये, पण जेवण, गिळणं, शौचाला जोर लावणं, आतड्यात गुपचूप होणारा रक्तस्राव आणि पोटासाठी म्हणून घेतलेल्या गोळ्या, यातल्या कशानेही वयस्कर माणसाचं बीपी किंवा नाडी इतकी खाली जाऊ शकते की मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडतं आणि माणूस खाली येतो. बरीच वर्षं वयस्कर पेशंट बघतोय आणि माझं ठाम मत झालंय की म्हातारं माणूस पडलं की डोकं आणि हृदय यांच्यामागे सगळे धावतात (धावायलाच पाहिजे, त्यात काही चूक नाही) पण पडण्याआधीच्या दोन तासांत पोटाचं काय चाललं होतं हे कोणी विचारतच नाही. घास तोंडात होता का, जेवण कधी सुरू झालं, काय खाल्लं, संडासात होते का, शौचाचा रंग कसा होता, आठवडाभरात कुठली नवीन गोळी सुरू झाली. याला एक पैसा लागत नाही आणि बऱ्याचदा निम्मं निदान इथेच होतं.

तुमच्या वडिलांचं जे वर्णन तुम्ही दिलंय त्यावरून माझा पहिला संशय जेवणानंतर बीपी पडण्यावर आहे, ज्याला डॉक्टर मंडळी पोस्टप्रँडियल हायपोटेन्शन म्हणतात. आपण आरामात बसलेलो असताना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाव हिस्सा पोटातल्या अवयवांकडे जातो आणि भरपेट जेवल्यावर हा पुरवठा जवळजवळ दुपटीपर्यंत वाढतो. तरुण माणसात लगेच दुरुस्ती होते, नाडी थोडी वाढते, हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतात, बीपी आहे तिथेच राहतं आणि आपल्याला फक्त सुस्ती जाणवते. म्हातारपणी ही दुरुस्ती करणारी यंत्रणा मंदावते, वरून बीपीच्या गोळ्या रक्तवाहिन्या सैल ठेवत असतात, आणि ज्यांना डायबिटीस किंवा पार्किन्सन आहे त्यांच्यात तर ती यंत्रणा चालवणाऱ्या नसाच दुबळ्या झालेल्या असतात. मग रक्त पोटात साठून राहतं आणि वर पोचत नाही. पार्किन्सनच्या पेशंटमध्ये हे १९७७ साली नोंदवलं गेलं, आणि १९८३ साली अमेरिकेत लुईस लिप्सिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांचं बीपी जेवणाआधी आणि जेवणानंतर मोजून दाखवून दिलं की हे काही दुर्मिळ प्रकरण नाही. म्हणजे चाळीस वर्षं होऊन गेली तरी रोजच्या ओपीडीत हे अजून कोणाच्या डोक्यात पटकन येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

येत नाही कारण आपण बीपी बघतो कधी? सकाळी अकरा वाजता दवाखान्यात, तासभर बाहेर थांबून आणि बहुतेक वेळा काही न खाता, कारण रक्त पण द्यायचं असतं. तेव्हा १५० दिसतं, डॉक्टर गोळी वाढवतात. आणि तोच माणूस दीड वाजता दोन पोळ्या, भाजी, वरणभात, वर काहीतरी गोड असं जेवून उठतो तेव्हा बीपी १०० च्या खाली असतं, पण ते बघायला तिथे कोणीच नसतं.

म्हणून पुढच्या रविवारी एवढं करा. दंडाला लावायचं डिजिटल बीपी मशीन घ्या, मनगटाचं नको. जेवणाआधी त्यांना दहा मिनिटं शांत बसवून दोनदा बीपी घ्या आणि लिहून ठेवा. मग नेहमीसारखंच जेवू द्या, मुद्दाम कमी-जास्त काही करू नका, नेहमीच्या गोळ्या नेहमीच्या वेळेलाच. जेवण संपल्यापासून दर पंधरा मिनिटांनी बसलेल्या स्थितीतच बीपी आणि नाडी, असं दोन तास. वरचा आकडा जेवणाआधीच्या पेक्षा २० किंवा जास्त उतरला, किंवा आधी १०० च्या वर असलेला ९० च्या खाली गेला, तर निदान जवळपास हातात आलं. सगळ्यात खालचा आकडा बहुतेकदा अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत सापडतो, पण काहींना जेवता जेवताच उतरायला लागतं, आपल्याकडे निवांत गप्पा मारत अर्धा तास जेवण चालतं त्यामुळे हात धुवायला उठेपर्यंत पहिल्या घासाला बराच वेळ होऊन गेलेला असतो, हे लक्षात घ्या. मोजणी चालू असताना त्यांना एकटं सोडू नका, आणि हीच मोजणी एक दिवस सकाळच्या नाश्त्याला पण करा कारण बऱ्याच जणांत सकाळचं जेवणखाणच जास्त त्रास देतं. त्याच दिवशी उठून उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पण बीपी घ्या, उभं राहिल्यावर पडणारं बीपी हा वेगळा आजार आहे पण दोन्ही एकत्र असले की धोका फार वाढतो.

निदान तेच निघालं तर काय करायचं. सर्वात जास्त फरक जेवणाच्या आकाराने पडतो. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच छोटी करा. पिष्टमय आणि गोड पदार्थ जितके जास्त आणि जितक्या वेगाने पोटातून आतड्यात उतरतात तितकं बीपी जास्त पडतं, म्हणून भाताचा डोंगर कमी करून उसळ, डाळ, ताक, पनीर, अंडं, मासे वाढवायचे. आमरसाची जेवणं, पुरणपोळीचा सणाचा दिवस आणि दिवसभर उपास करून संध्याकाळी पोटभर साबुदाण्याची खिचडी, या तीन प्रसंगांना मी वयस्कर पेशंटच्या घरच्यांना आधीच सावध करून ठेवतो, विशेषतः खिचडीला, कारण पोट रिकामं, अंगात पाणी कमी, गोळी मात्र सकाळीच घेतलेली आणि वरून जवळजवळ नुसता स्टार्च. डायबिटीसवाल्यांनी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपास केला तर शुगर उतरूनही भान जातं, म्हणून मशीनवर शुगर पण बघा.

दुसरी गोष्ट पाणी. जेवायच्या थोडं आधी दीड-दोन ग्लास पाणी, म्हणजे ३५० ते ४५० मिली, सलग प्यायलं की बीपी काही काळ वर राहतं, पोट ताणलं गेल्यामुळे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा जाग्या होतात. जेवणाआधी पाणी पिऊ नये असं आपल्याकडे सांगतात, पण या पेशंटना ते औषध म्हणून द्यायचंय. फक्त हृदय कमकुवत असेल किंवा किडनीमुळे पाणी मोजून दिलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तिसरं, शतपावली. चालताना बीपी जरा वर राहतं हे खरं, पण थांबलं की परत उतरतं, आणि आधीच दोनदा पडलेल्या माणसाने जेवल्या जेवल्या एकट्याने अंगणात फेऱ्या मारणं मला अजिबात मान्य नाही. बाबांना त्यापेक्षा वामकुक्षी लागू पडेल. तासभर, डोक्याखाली दोन उशा घेऊन म्हणजे आंबट वर येणार नाही, आणि उठताना आधी काठावर दोन मिनिटं बसून मग उभं राहायचं. जेवणासोबत दारू असेल तर ती बंद.

गोळ्यांबद्दल सांगताना मी नेहमी आवाज जरा वाढवतो. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. पण कुठली गोळी कधी घ्यायची हे बदलता येतं, जेवणाच्या तोंडावर घेतली जाणारी गोळी दोन जेवणांच्या मधल्या वेळेत नेता येते, लघवीची गोळी खरंच लागतेय का हे बघता येतं, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तीही बीपी पाडते हे लक्षात घ्यायला लागतं. एवढं करूनही नाही भागलं तर अकार्बोज नावाची शुगरची गोळी पहिल्या घासाबरोबर देतात, ती साखर शोषली जायचा वेग कमी करते, तुमच्या वडिलांना शुगर आहेच त्यामुळे डॉक्टर विचार करू शकतील, पोटात वायू मात्र वाढतो. न्याहारीबरोबर कॉफी काहींना उपयोगी पडते, सगळ्यांना नाही.

आता दुसरं कारण, जे सगळ्यात आधी नाकारायला हवं कारण ते जिवावर बेततं. पोटातला रक्तस्राव. रक्ताची उलटी झाली तर कोणीही धावतं, पण म्हातारपणी जठरातला किंवा ड्युओडेनममधला (जठराला लागून असलेल्या आतड्याच्या पहिल्या भागातला) अल्सर न दुखता वाहू शकतो. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक, हृदयासाठी ॲस्पिरिन, कधी सोबत क्लोपिडोग्रेल, आणि कुणीतरी आणून दिलेल्या नाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्या ज्यात अनेकदा स्टिरॉइड सापडतं, असा सगळा संच एकाच पिशवीत असतो. दुखणं त्याच गोळ्यांनी दबलेलं असतं आणि पहिलं लक्षण काय, तर पहाटे संडासातून येताना चक्कर येऊन पडणं.

एक आजी आठवतात. सुनेने आणलं होतं, दाराशी पडल्या म्हणून, कपाळावर टेंगूळ. बीपी ११०, नाडी ७२, हिमोग्लोबिन ११, सगळ्यांना वाटलं ठीकच आहे. मी शौचाचा रंग विचारला, आजी म्हणाल्या नेहमीसारखाच, सून म्हणाली आई तुम्ही कुठे बघता, मीच काल पाणी टाकलं, डांबरासारखं काळं नि चिकट होतं आणि वास सहन होत नव्हता. आजींना मेटोप्रोलॉल चालू होती, त्यामुळे रक्त जात असूनही नाडी वाढतच नव्हती, आणि नेहमी १५० असणारं बीपी ११० झालं होतं हे त्यांची जुनी फाइल बघितल्यावरच कळलं. हिमोग्लोबिनचं असं आहे की रक्त जातं ते अख्खं जातं, त्यामुळे पहिले काही तास आकडा फसवा चांगला दिसतो आणि मग शरीर पाणी ओढून घेतं तेव्हा तो घसरतो. आजींचं दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वर आलं, पण तोवर त्या ॲडमिट होत्या, एंडोस्कोपी होऊन अल्सरमधून जाणारं रक्त थांबवलं गेलं होतं आणि रक्त चढत होतं.

म्हणून घरच्यांनी लाज न बाळगता शौच बघा, किंवा बघायला सांगा. लोहाच्या गोळ्यांनी पण शौच काळं होतं, पण ते घट्ट आणि हिरवट काळं असतं. चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचं काळं शौच म्हणजे त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्या नाही. ॲस्पिरिन बंद करायची की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील, विशेषतः स्टेंट टाकलेला असेल तर.

याच्याच शेजारी एक असा आजार आहे जो दोन्हीकडून माणसाला पाडतो. हृदयातून बाहेर पडणारी महारोहिणीची झडप म्हातारपणी चुना साठून अरुंद होते, त्याने चालताना चक्कर येते हे सर्वांना माहिती आहे. पण १९५८ साली एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं की अशा पेशंटमध्ये आतड्यातून रक्त जाणंही वारंवार दिसतं. पुढे कारण उलगडलं, अरुंद झडपेतून जोरात जाताना रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, त्याचे मोठे रेणू तुटतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या नाजूक रक्तवाहिन्या वाहत राहतात. अशा माणसात लोह कितीही द्या, हिमोग्लोबिन परत उतरतं. झडप बदलली की बहुतेकांत रक्त जाणंही थांबतं. कोणाच्या इकोत एऑर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हीच अरुंद झडप, लिहिलंय आणि ॲनिमिया पाठ सोडत नाहीये तर हाइड सिंड्रोम हे दोन शब्द डॉक्टरांसमोर जरूर काढा.

संडासात पडणाऱ्यांचं एवढ्यावर संपत नाही. कुंथताना छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, आणि जोर सोडला की बीपी खाली जातं, त्यात भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून एकदम उभं राहणं आलं, त्यात पहाटेची वेळ, रात्रभर पाणी नाही. कडी आतून लावलेली, जागा चिंचोळी, डोकं नळावर आपटतं. कमोड, भिंतीला धरायला दांडा आणि कडी न लावणं हे तीन बदल मी कुठल्याही तपासणीच्या आधी करायला सांगतो. मग बद्धकोष्ठ कशामुळे झालंय ते शोधायचं, कारण लोह, कॅल्शियम, व्हेरापामिल, ॲमिट्रिप्टिलिन, ट्रॅमाडॉल या सगळ्यांनी पोट साफ होत नाही. इसबगोल घ्या पण भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर तेच आत अडकतं. मात्र अचानक शौचाला लागल्यासारखं वाटून घाम फुटला आणि माणूस पडला, सोबत पोटात किंवा पाठीत दुखतंय, तर त्याला साधं कुंथणं समजू नका. आतड्यात साठलेलं रक्त किंवा पोटातली फुगलेली महारोहिणी फुटणं, दोन्हीत हीच कळ येते. वयस्कर पुरुष, वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट, आणि मुतखड्यासारखं दुखून बेशुद्ध, असं असेल तर सोनोग्राफी त्याच तासात व्हायला हवी.

घास गिळताना भान जाणं, हे खरंच क्वचित दिसतं, पण ज्याला आहे त्याची गोष्ट इतकी स्पष्ट असते की ऐकणाऱ्याने फक्त ऐकायला हवं. भाकरीचा मोठा कोरडा घास, थंडगार सोडा किंवा कढत चहाचा पहिला घोट, आणि दोन-तीन सेकंदांत डोळ्यांपुढे अंधार. अन्ननलिकेतून व्हेगस नावाच्या नसेमार्फत हृदयाला चुकीचा निरोप जातो आणि ठोके काही सेकंद थांबतात. साधा ईसीजी झोपवून, रिकाम्या तोंडाने काढतात त्यामुळे तो नॉर्मलच येणार. चोवीस तास ईसीजी नोंदवणारं होल्टर मशीन लावून त्या दिवशी नेमके तेच पदार्थ खायला लावायचे, किंवा मॉनिटर लावलेला असताना डॉक्टरांसमोर गिळायला लावायचं, मग पट्टीवर तो गॅप दिसतो. अन्ननलिका अरुंद झालीय का, हर्निया आहे का, अन्ननलिकेचे स्नायू एकदम आवळतात का हे एंडोस्कोपी आणि बेरियमने बघतात, त्यावर उपचार केल्याने काहींचं थांबतं, बाकीच्यांना पेसमेकर लागतो. गिळताना घशात किंवा कानात विजेसारखी कळ येऊन मग भान जात असेल तर ते वेगळं, ते घशाच्या नसेचं दुखणं आहे आणि त्यावर कार्बामाझेपिन चालते.

कुबड आलेल्या वयस्कर बायकांमध्ये जठराचा मोठा भाग छातीत सरकलेला असतो, मोठा हायटस हर्निया, आणि जेवणाने तो भरला की हृदयाच्या डाव्या कप्प्यावर मागून दाबतो, आणि त्यानेही भान जाऊ शकतं. इकोमध्ये हृदयामागे गाठ असल्यासारखं दिसतं आणि घरचे घाबरतात. तेव्हा पेशंटला सोड्याचा घोट पाजून परत बघितलं की आत बुडबुडे दिसतात आणि कळतं की हे जठर आहे. जठराचं ऑपरेशन झालेल्यांना जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात घाम, धडधड, चक्कर, आणि काहींना एक ते तीन तासांनी शुगर उतरून तसंच, हे डंपिंग सिंड्रोम. ऑपरेशन वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगायचं, कारण जुनी गोष्ट म्हणून लोक गाळतात.

पोटाच्या गोळ्यांवर मात्र थांबून बोलायचंय कारण आपल्याकडे त्या चणे-फुटाण्यासारख्या खाल्ल्या जातात. ॲसिडिटीच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर डोमपेरिडोन असतं, हे पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. डोमपेरिडोन हृदयाच्या विजेवर परिणाम करतं, ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबवतं, आणि त्यातून ठोका बिघडून माणूस क्षणात पडू शकतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच सांगितलं की ते फक्त मळमळ-उलटीसाठी, १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि शक्यतो आठवड्यापेक्षा जास्त नको, कारण साठीच्या पुढच्या आणि जास्त डोस घेणाऱ्या लोकांत धोका जास्त दिसला. आपल्याकडे तीच कॅप्सूल लोक पाच-पाच वर्षं सकाळी उठल्या उठल्या घेतात. नुसतं पँटोप्राझोल पण वर्षानुवर्षं चाललं तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं आणि ठोका बिघडायला तेही पुरतं. उलटीची ऑन्डान्सेट्रॉनही डोमपेरिडोनसारखीच क्यूटी लांबवते. आणि सगळ्यात फसवं म्हणजे एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवरच्या किटमधलं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. ते अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, दोन दिवसांत बीपी धाडकन पडतं, डोमपेरिडोनही वाढवतं, काही शुगरच्या गोळ्यांचा जोर वाढवून शुगरही उतरवतं. पेशंट म्हणतो पोटाचं औषध सुरू केलं आणि चक्कर यायला लागली, घरचे म्हणतात बघा गॅसमुळेच. तर बाबांच्या सगळ्या गोळ्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, काढे, चूर्णं, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओता. साधे जुलाब लागले तरी लघवीची गोळी आणि किडनीवर काम करणारी बीपी-शुगरची औषधं त्या दोन-तीन दिवसांत चालू ठेवायची का हे फोन करून विचारा, आणि कोलोनोस्कोपीसाठी पोट साफ करायचं औषध घेणार असतील त्या रात्री कोणीतरी सोबत झोपा.

खाण्यातल्या विषारी गोष्टींपैकी एक सांगतोच, कारण सकाळी रस पिणाऱ्या ज्येष्ठांचे गट गावोगावी आहेत. दुधी भोपळ्याचा कडू रस. कडू दुधीत कुकर्बिटासिन नावाची द्रव्यं असतात, त्याने काही मिनिटांत ते तासाभरात जोरदार उलट्या, रक्ताची उलटी, जुलाब आणि बीपी खाली जाऊन माणूस कोलमडतो. २०१० साली दिल्लीत असा रस प्यायल्यानंतर एका गृहस्थांचा मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१२ मध्ये तिचा अहवाल आला. रस काढण्याआधी दुधीची फोड चाखून बघा, जरा जरी कडू लागली तर टाकून द्या, आणि पिऊन मळमळलं तर लगेच हॉस्पिटल गाठा, यावर उतारा असं काही औषध नाही. कडू तितकं गुणकारी हा समज इथे जीव घेतो. बर्फाशिवाय राहिलेला बांगडा किंवा कुपा खाऊन तोंड लाल, धडधड, डोकं ठणकणं आणि बीपी पडणं होतं तेही असंच, माशात तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही.

आणि उलट बाजू पण सांगायला हवी. पोटाचं वाटतं आणि असतं हृदयाचं. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पोटाच्या वर मळमळ, ढेकर, उलटी, घाम आणि मंद नाडी घेऊन येतो, डायबिटीसवाल्याला छातीत दुखतही नाही. सोडा, इनो, ओवा-हिंग देऊन तास घालवलेले पेशंट मी फार पाहिलेत. साठीच्या पुढच्या माणसाला गॅस झाला आणि घाम आला किंवा चक्कर आली, तर आधी ईसीजी आणि मग काय तो इनो.

तुमचे वडील परत पडले तर आडवे ठेवा, पाय उशीवर वर करा. आपल्याकडे लगेच काखेत हात घालून खुर्चीत बसवतात, तोंडात पाणी ओततात, कांदा नाकाला लावतात. बसवल्याने मेंदूला रक्त आणखी कमी मिळतं, हातपाय झटकायला लागतात आणि मग फिट आली असं समजून नको ती गोळी सुरू होते. मिनिटाभरात भान आलं नाही, छातीत-पोटात-पाठीत दुखतंय, शौच काळं आहे, किंवा डोक्याला लागलंय आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, यातलं काहीही असेल तर १०८ लावा.

नसेल, तर रविवारच्या आकड्यांचा कागद, गोळ्यांची पिशवी आणि जुनी फाइल घेऊन तुमच्या फिजिशियनकडे जा, आणि चोवीस तासांचं बीपी मशीन लावता येईल का ते विचारा. लावलं तर त्या दिवशी जेवणाच्या, झोपण्याच्या, संडासला जायच्या आणि गोळ्यांच्या वेळा एका कागदावर लिहून ठेवा, नाहीतर आकडे पडले कधी ते दिसतं पण कशाने ते कळत नाही. तोपर्यंत छोटी जेवणं, आधी पाणी, नंतर वामकुक्षी हे आजपासून सुरू करायला हरकत नाही, आणि डोमपेरिडोनवाली कॅप्सूल चालू असेल तर ती चालू ठेवायची का हे याच भेटीत स्पष्ट विचारून घ्या.